पुढची बाटली कुठली? एका वेळी एकच गोष्ट बदला

प्रश्न: गेल्या वर्षभरात सिंगल माल्टचा नाद लागलाय. घरात ग्लेनफिडिक १२, लॅगावुलिन १६ आणि इंद्री त्रिणी उघडलेल्या आहेत. सासऱ्यांना कुणीतरी दिलेली ब्लू लेबल अजून सीलबंद आहे. आमचा पुण्यात मित्रांचा कट्टा आहे, तिथे जो तो दर महिन्याला नवी खरेदी मांडतो. कुणाची मॅकॅलन, कुणाची स्प्रिंगबँक. मला लॅगावुलिन फार आवडली, ग्लेनफिडिक ठीक वाटली. आता पुढची कुठली घेऊ? १२ पेक्षा १८ वर्षांची चांगली असते का? उघडलेली बाटली किती टिकते? एखादी न उघडता ठेवली तर पैसे होतात का? मेव्हणा दिवाळीला लंडनहून येतोय, त्याला काय आणायला सांगू?

लॅगावुलिन आवडली ना, मग पुढची बाटली कल ईला १२. एका ओळीत उत्तर हवं असेल तर हे घ्या आणि दुकान गाठा. पण हीच का, हे कळलं तर त्यानंतरच्या बाटल्यांसाठी कुणाला विचारायची गरज पडणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हॉटेलांच्या बारसाठी व्हिस्की खरेदी करणं आणि लोकांना चाखायला बसवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा मतं जरा ठाम असतील. सांभाळून घ्या.

लॅगावुलिन आणि कल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयला बेटावरच्या (उच्चार खरंच असा आहे, काय करणार). मालक एकच, डिआजिओ ही ब्रिटिश मद्यकंपनी. जवाला मोड आणून ते सुकवलं की माल्ट होतो (फक्त अशा माल्टची, एकाच डिस्टिलरीत बनलेली ती सिंगल माल्ट), आणि या दोघींचा माल्ट बेटावरच्याच पोर्ट एलनच्या कारखान्यात तयार होतो. सुकवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ आणि गवत. त्याचा धूर ओलसर जवात मुरतो. किती मुरला ते फिनॉल या धुरातल्या द्रव्याच्या पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतात, आणि या दोघींच्या माल्टमध्ये तो साधारण सारखाच, ३५ च्या आसपास असतो. दोन्ही बाटल्या ४३ टक्के अल्कोहोलच्या. धूर एक, ताकद एक, बेट एक, आणि तरीही ग्लासात जमीन-अस्मानाचा फरक!

बराचसा फरक पडतो तो भट्टीत, म्हणजे आंबवलेला माल उकळून त्याच्या वाफेपासून दारू काढतात तिथे. लॅगावुलिनमध्ये तांब्याची भट्टी जवळजवळ गळ्यापर्यंत भरतात आणि सावकाश चालवतात. वाफेला तांब्याचा स्पर्श व्हायला जागा कमी उरते, आणि तांबं जेवढं कमी लागेल तेवढा माल जड, तेलकट उतरतो. कल ईलात भट्टी मोकळी ठेवतात, वाफ तांब्याला भरपूर लागते, आणि माल हलका, काहीसा लिंबाच्या सालीसारखा येतो. लॅगावुलिन १६ वर्षांची आणि कल ईला १२ ची, हा फरक आहेच, तो नाकारत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात तर तुम्हाला पहिल्यांदा नक्की कळेल की लॅगावुलिनमध्ये तुम्हाला धूर आवडला होता की ते जडपण. कल ईलाही तितकीच आवडली तर तुम्ही धुराचे गिऱ्हाईक. मग आर्डबेग १०, लफ्रॉइग १०, किलहोमन असा रस्ता मोकळा आहे. कल ईला पातळ वाटली तर तुम्हाला अंगानं भारी व्हिस्की हवी आहे. मग धूर नसलेली मॉर्टलाखही तुम्हाला आवडेल, जी कट्ट्यावर कुणी सुचवलीही नसती.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढची बाटली घेताना आधीच्या आवडलेल्या बाटलीपासून एकच गोष्ट बदला, फार तर दीड. पीट बदला, नाहीतर पीप (व्हिस्की ज्यात वर्षानुवर्षं मुरते ते लाकडी पिंप) बदला, नाहीतर ताकद बदला. कट्ट्यावरची खरेदी नेमकी उलट होते. आज आयलाची धुरकट, पुढच्या महिन्यात शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिपातली गोड, मग जपानची, मग अमेरिकेची बर्बन. प्रत्येक वेळी सगळंच बदललेलं. कपाट भरतं, फोटो झकास येतात, आणि अमुक एक का आवडली असं विचारलं की उत्तर येतं, ‘स्मूद आहे यार’. स्मूद हा शब्द मी माझ्या बैठकांमध्ये बंदच केलाय. त्यातून काही कळत नाही.

हा प्रयोग करायला परदेशी जायची गरज नाही, उलट याचं सगळ्यात नेटकं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तीन बाटल्या मी नवख्यांसमोर आवर्जून ठेवतो. तिन्हींत भारतीय सहा-ओळी (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला) जव, तिन्ही बर्बनच्या पिपांत मुरलेल्या, तिन्ही ४६ टक्के. बदलतो तो फक्त धूर. ब्रिलियन्समध्ये पीट नाही, एडिटेडमध्ये थोडं, बोल्डमध्ये भरपूर. पीट स्कॉटलंडहून येतं.

मित्रांनी मिळून तिन्ही आणा. ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते तीन ग्लास घ्या. बुटका, रुंद तोंडाचा नको, त्यात वास उडून जातो. प्रत्येकात वीसेक मिली ओता आणि काही न करता दहा मिनिटं थांबा. मग आधी ब्रिलियन्स. नाक ग्लासात खुपसू नका, काठावर ठेवा, तोंड किंचित उघडं राहू द्या, म्हणजे अल्कोहोल झोंबणार नाही. मध, व्हॅनिला, सुकं खोबरं, मागाहून थोडी दालचिनी असं काहीतरी मिळेल. मग एडिटेड. सगळं तेच आहे आणि मागून कुणीतरी कॉफी भाजतंय असं वाटेल. मग बोल्ड. तिथे मध मागे सरकून धूर पुढे आलेला असतो. आता खरी मजा: परत ब्रिलियन्सकडे या. मघाशी मधासारखी वाटलेली तीच व्हिस्की आता बटाटा उकडल्यासारखी सपक लागेल. व्हिस्कीत काही बिघडलेलं नाही, जिभेला धुराची सवय झाली. म्हणून धुरकट नेहमी शेवटी. आणि म्हणूनच कट्ट्यावर आधी लॅगावुलिन आणि मग ग्लेनफिडिक प्यायला असाल तर ‘ग्लेनफिडिक ठीक वाटली’ हे तुमचं मत मी अजून नोंदवून घेत नाही. उद्या संध्याकाळी तोंडात चखण्याचा तिखट फरसाण नसताना, एकटीच ग्लेनफिडिक पिऊन बघा.

जाता जाता एक. पॉल जॉन गोव्यात स्वस्त मिळते म्हणून गाडीच्या डिकीत टाकून आणू नका. त्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि परवान्याशिवाय ती राज्याबाहेर आणणं गुन्हा आहे. सीमेवर उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात. आपल्या महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो आणि वयाची २५ पूर्ण लागतात, हे कट्ट्यावरच्या किती जणांना माहीत आहे ते एकदा विचारा.

ग्लेनफिडिकची जोडी लावायची असेल तर बाल्व्हेनी डबलवूड १२. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या डफटाउन गावात या दोन डिस्टिलऱ्या शेजारी-शेजारी आहेत, मालक एकच, विल्यम ग्रँट यांचं घराणं. दोन्ही १२ वर्षांच्या. डबलवूड आधी बर्बनच्या पिपात आणि मग काही महिने शेरीच्या पिपात ठेवतात. मनुका आणि मधाचं वजन कुठून येतं ते तिथे समजतं.

आता वय. लेबलावर १२ लिहिलंय म्हणजे आतला सगळ्यात तरुण थेंब १२ वर्षांचा. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार वय सांगायचंच असेल तर असंच सांगावं लागतं. त्या नियमांत आणखीही आहे: किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिपात, बाटलीत किमान ४० टक्के, आणि पाणी व साधा कॅरॅमल रंग यांखेरीज कशाचीही भर नाही. तिथे ‘सगळ्यात चांगली’ असं काही लिहिलेलं नाही. १८ वर्षं म्हणजे लाकडाशी १८ वर्षांचा संसार. पीप चांगलं असेल तर सोनं होतं, थकलेलं असेल तर १८ वर्षं नुसती वाट बघणं होतं. उलट पीप फार ताजं असेल तर लाकूड इतकं चढतं की तोंड कोरडं पडतं, कात खाल्ल्यासारखं. धुरकट व्हिस्कीचं तर वयाशी वाकडंच आहे, कारण वर्षं जातात तसा धूर मवाळ होत जातो. तुम्हाला धूर आवडतो, तेव्हा १८ च्या मागे लागून दुप्पट पैसे देऊन निम्मा धूर विकत घ्याल.

आणि हे सगळं स्कॉटलंडच्या थंडीचं गणित. तिथे पिपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. बेंगळुरूला, अमृत या भारतीय डिस्टिलरीच्या गोदामांत, हा आकडा १० ते १२ टक्क्यांवर जातो. १०० लिटर भरले तर १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये ७८ च्या आसपास उरतील. वर्षाला १० टक्क्यांनी उडत गेले तर ५ वर्षांत ५९ आणि १२ वर्षांत २८. कोण एवढं थांबणार? उष्णतेनं लाकूड लवकर कामाला लागतं, म्हणून भारतीय माल्ट लहान वयातच बाहेर येतात आणि बहुतेकांवर वय लिहिलेलंच नसतं. तुमची इंद्री त्रिणी तशीच आहे. हरियाणात कर्नालजवळ बनते, बर्बन, फ्रेंच वाइन आणि पेद्रो हिमेनेझ शेरी अशा तीन पिपांतली, ४६ टक्के. ‘वय लिहिलेलं नाही म्हणजे काहीतरी लपवताहेत’ हा कट्ट्यावरचा शेरा स्कॉचच्या बाबतीत कधीकधी खरा असतो, हिच्या बाबतीत नाही.

वयावरून आठवलं म्हणून एक गंमत सांगतो, दर्दी लोकांना ही फार आवडते. ग्लेनड्रॉनॅक डिस्टिलरी १९९६ ला बंद पडली आणि २००२ ला पुन्हा सुरू झाली. मधली वर्षं भट्टी थंड. आता २०१९ साली भरलेली त्यांची १८ वर्षांची बाटली घ्या. तिच्यातला माल २००१ किंवा त्याआधीचा हवा, पण १९९६ नंतर माल काढलाच नव्हता, म्हणजे आत निदान २२-२३ वर्षांची व्हिस्की. लेबलावर १८, किंमत १८ ची. ज्यांनी बाटलीमागची भरण्याची तारीख वाचली त्यांनी चार-चार उचलल्या. आता तो झरा आटला.

तेव्हा लेबल वाचा, आणि वयाच्या आधी ताकद वाचा. ४० टक्के म्हणजे कायद्यानं जेवढं लागतं तेवढंच. ४६ किंवा वर असेल तर बहुधा चिल-फिल्टर केलेली नसते. व्हिस्की थंड करून गाळली की त्यातली काही स्निग्ध द्रव्यं निघून जातात, मग बर्फ टाकला तरी ती गढूळ होत नाही. पण त्याबरोबर जिभेवरचा लोण्यासारखा पोतही थोडा जातो. ४६ च्या वर गढूळपणाची भीती जवळपास नसते, म्हणून गाळायची गरज राहत नाही. आयलाचीच बुनाहाव्हन १२ पूर्वी ४० टक्क्यांची होती, २०१० पासून ती ४६.३ ला, न गाळता, रंग न घालता येऊ लागली. ज्यांनी दोन्ही प्यायल्या ते जुनीचं नाव काढत नाहीत.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. गडद म्हणजे जुनी हा समज इतका पक्का आहे की बऱ्याच कंपन्या कॅरॅमल घालून प्रत्येक खेप सारखी दिसेल अशी करतात. चव फारशी बदलत नाही, पण फसगत होते. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर हा रंग घातल्याचं छापावं लागतं. तेव्हा एखाद्या व्हिस्कीत रंग आहे का हे बघायचं असेल तर तिच्या जर्मन लेबलाचा फोटो शोधा आणि ‘मिट फार्बश्टॉफ’ हे शब्द दिसतात का ते पाहा. फुकटची गुप्तहेरी.

पाण्याचंही सांगून टाकतो. ५० टक्क्यांच्या वरची असेल तर थेंब-थेंब पाणी घालून बघाच. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू पातळ केलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ. सोडा घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण लॅगावुलिनमध्ये घालू नका. त्यासाठी ब्लॅक लेबल आहे.

तुमच्या मित्रांच्या खरेदीबद्दल. स्प्रिंगबँक ही स्कॉटलंडमधल्या कॅम्बेलटाउन गावची, आणि तिचा बोलबाला उगाच नाही. लागणारा सगळा माल्ट तिथे स्वतःच्या जमिनीवर पसरून, फावड्यानं उलटापालटा करून बनवतात, माल अडीच वेळा भट्टीतून काढतात (अर्धा दोनदा, अर्धा तीनदा असं काहीसं), आणि हे सगळं थोड्याच प्रमाणात. मागणी मात्र साऱ्या जगाची. परिणामी १० वर्षांची बाटली तिच्या मूळ किमतीला मिळणं नशिबाचा भाग झालाय. मित्रानं उघडली तर एक पेग हक्कानं मागा, स्वतः मात्र काळ्या बाजारात जाऊ नका. त्याच मालकांनी शेजारची ग्लेनगाइल डिस्टिलरी २००४ साली पुन्हा सुरू केली. तिथली किलकेरन १२, ४६ टक्क्यांची, स्प्रिंगबँकच्या निम्म्या गाजावाजात जवळजवळ तेवढाच आनंद देते.

मॅकॅलन चांगली व्हिस्की आहे आणि तिची किंमत व्हिस्कीपेक्षा नावाची जास्त आहे. दोन्ही विधानं एकदम खरी असू शकतात. शेरीच्या पिपाची चव हवी असेल तर ग्लेनफार्क्लास १५ घ्या. १८६५ पासून एकाच ग्रँट घराण्याच्या हातात आहे (बाल्व्हेनीवाले ग्रँट वेगळे) आणि ४६ टक्क्यांची आहे. ब्लू लेबलचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो: उघडा. ४० टक्क्यांची, वय न लिहिलेली, छान जमवलेली ब्लेंड (अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्क्यांचं मिश्रण) आहे. ती कपाटात पिकत नाही, कारण व्हिस्की पिपात वाढते, काचेत नाही. सासऱ्यांबरोबर या दिवाळीला संपवा, ती त्याच कामासाठी बनली आहे.

न उघडता ठेवली तर पैसे होतात का? नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात मॅकॅलन १९२६ ची एक बाटली २१ लाख पौंडांच्या वर गेली, तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्या पिपातून ४० बाटल्या निघाल्या होत्या. तुमच्या दुकानातल्या बाटल्या लाखोंनी निघतात. लिलावांतले भावही २०२२ च्या तेजीनंतर उतरले आहेत. शिवाय तुम्ही विकणार कुणाला? आपल्याकडे परवान्याशिवाय दारू विकणं बेकायदा आहे, मग बाटली एक असो की पेटी. आणि दुर्मिळ बाटल्यांच्या बाजारात खोटं किती आहे बघा: २०१८ साली स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेनं वय मोजण्याच्या रेडिओकार्बन पद्धतीनं ५५ जुन्या बाटल्या तपासल्या, २१ बनावट किंवा लेबलावरच्या सालाच्या नसलेल्या निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या एका हॉटेलात १८७८ ची मॅकॅलन म्हणून २ सेंटिलिटरला ९,९९९ फ्रँक मोजले गेले. तपासणीत ती १९७० नंतरची, आणि चक्क ब्लेंड निघाली. हॉटेलनं पैसे परत केले हे खरं, पण सगळेच करत नाहीत.

बनावटीचा आपल्याकडचा प्रकार साधा आहे. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या विकत घेणारे लोक आहेत, त्या पुन्हा भरल्या जातात. भंगारवाला ब्लू लेबलच्या रिकाम्या बाटलीला बियरच्या बाटलीपेक्षा कैक पट जास्त का देतो, हे कधी मनात आलं नाही? देण्याआधी लेबल चाकूनं खरवडा आणि डबा फाडून टाका. विकत घेताना आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेला स्टिकर बघा, झाकण फिरवून सील हलतंय का ते बघा, आणि ‘मिलिटरीवाला ओळखीचा आहे, एअरपोर्टवाला आहे’ असं कुणी म्हणालं की नमस्कार करून निघा.

पुण्यातल्या किमती अशा का, याचं थोडक्यात कारण म्हणजे आयात शुल्क २०२५ पर्यंत १५० टक्के आणि वर राज्याचा कर. राज्यानं आपला स्कॉचवरचा कर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणला होता. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. दुकानातला भाव त्याच प्रमाणात उतरेल असं समजून खरेदी थांबवू नका, राज्याचा कर आणि मधल्यांचा नफा जागच्या जागी आहेत.

उघडलेली बाटली खराब होत नाही, मंद होते. अर्ध्याहून जास्त भरलेली असेपर्यंत वर्षभर तिला काही धाड भरत नाही. बाटली एक तृतीयांशावर आली की आत हवाच जास्त होते, मग दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. औषधाची बाटली नको, कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही. बाटली नेहमी उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर ४३ टक्के अल्कोहोल बूच कुरतडतं. उन्हात नको, फ्रिजवरच्या कोनाड्यात नको, माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात तिथे काय तापतं ते माहीत आहे. जुन्या गोदरेजच्या कपाटाचा खालचा खण सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते आणि कसर कागद खाते, म्हणून बाटली पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तरी चालेल.

बूच तुटतं. तुमचंही एखादं तुटेल, विशेषतः वर्षभर न उघडलेल्या बाटलीचं. उघडण्याआधी बाटली क्षणभर तिरपी करून बूच आतून ओलं करा, मग बूच नव्हे, बाटली फिरवा. तरी मोडलंच तर उरलेला तुकडा कॉर्कस्क्रूनं काढा, चहाच्या गाळणीवर मलमल घालून व्हिस्की स्वच्छ भांड्यात गाळा, बाटली विसळून परत भरा. आणि संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं फेकू नका. माझ्याकडे बरणीभर आहेत आणि दर काही महिन्यांनी एखादं कामाला येतंच. धुरकट व्हिस्कीचं बूच मात्र धुरकट बाटलीलाच.

राहिला मेव्हणा. प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ब्रिटनमधली बाटली ७०० मिलीची असते, आपल्या ७५० ची नाही. तीन घेतल्या की २.१ लिटर होतात आणि १०० मिलीपायी ग्रीन चॅनल (कस्टमला काही शुल्क देणं नसलेल्यांची वाट) गेला. म्हणून ७०० च्या दोन आणि एखादी ३५० ची अर्धी, किंवा एक लिटरची एक आणि ७०० ची एक. विमानतळावरच्या दुकानात लिटरच्या बाटल्या स्वस्त दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळ खास प्रवाशांसाठी वेगळ्या नावानं काढलेल्या, ४० टक्क्यांच्या आणि वय न लिहिलेल्या असतात. त्याला म्हणावं शहरातल्या दुकानातून घे.

काय घ्यायचं? एक किलकेरन १२. दुसरी, स्वतंत्र बाटलीवाल्याची कल ईला. सिग्नेटरी, गॉर्डन अँड मॅकफेल, केडनहेड असे व्यापारी डिस्टिलरीकडचा माल स्वतःच्या नावानं बाटलीत भरतात, बऱ्याचदा एकाच पिपातला, ५५-५८ टक्क्यांचा, पाणी न घालता. पुण्यात कल ईला १२ घेतलीत आणि ही आली, की पुन्हा डिस्टिलरी तीच, बदलली ती मुख्यतः ताकद. शहरातून घेतलेली बाटली चेक-इन बॅगेतच जाते. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालत नाही, २४ ते ७० टक्क्यांमधली माणशी पाच लिटरपर्यंत चालते, म्हणजे अडचण कस्टमची आहे, विमान कंपनीची नाही. आधी बुचाभोवती चिकटपट्टी, मग बाटली जाड मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत, चाकांपासून लांब. दिल्लीला उतरून तो पुण्याचं विमान पकडणार असेल आणि हातात ड्यूटी-फ्रीची पिशवीही असेल, तर ती तिथे पुन्हा चेक-इन बॅगेत घालायला सांगा, नाहीतर सुरक्षा तपासणीत तिथेच राहील. बिल त्याच्या खिशात असू दे, कुणी विचारलं तर मिली दाखवता आले पाहिजेत.